अडीच हजार सागांचा हिशेब

पारोळच्या अंगाला, तुंगारेश्वरच्या उतरणीस लागून असलेल्या आमच्या सामायिक जमिनीत आधीच्या पिढीने साग लावला, तो दोन-दोन मीटरांच्या अंतराने, म्हणजे हेक्टरी 2500 रोपे या प्रचलित रिवाजास धरून. रोपांनी फांद्यांचा पसारा न करता सरळ वर जावे आणि सावलीने गवत दबून राहावे, यासाठी आरंभीची ही दाटी योग्यच असते. मात्र पाचव्या वर्षाच्या सुमारास एकाआड एक तिरकस ओळ काढून संख्या 1250वर आणावी, दहाव्याच्या सुमारास पुन्हा निवडून विरळणी करावी, हा त्या रिवाजाचा उत्तरार्ध आमच्याकडे कोणी मनावर घेतला नाही. विरळणीची गोष्ट निघाली की भाऊबंदांत खल होई, आणि उभे झाड तोडून आजवर कोणाची बरकत झाली, या थोरल्या काकांच्या प्रश्नापुढे सारे निरुत्तर होत. रान हिरवेगार दिसे, पाहुणा वाहवा करी, आणि 'अडीच हजार' हा आकडा घरात दौलतीसारखा उच्चारला जाई.

पुढे पैशाची निकड पडली तेव्हा ठेकेदार आला, आणि वीस वर्षांत जे थोडेथोडे व्हावयाचे ते त्याने एका हंगामात उरकले. तेही उलट्या क्रमाने. जाड, सरळ, वरच्या उजेडात डोके काढलेली झाडे त्याने नेली आणि त्यांच्या छायेत खुरटलेली आमच्यासाठी ठेवली. अशा काटकुळ्या सागांवर एकाएकी ऊन पडले की शेंड्याला जोम येण्याऐवजी बुंध्यावरच जागोजाग पाणफुटवे फुटतात, आणि ज्या शेजाऱ्यांच्या आधाराने ती उभी असतात ते निघून गेल्याने वाऱ्यापुढे ती निराधार होतात. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा उरलेल्यांपैकी किती तरी कमानीसारखी वाकली, काही मध्येच मोडली. बांधापलीकडच्या सागाची माती तीच, वय जवळपास तेच आणि वाराही तोच. पण वेळच्या वेळी विरळलेल्या त्या सागाच्या फक्त फांद्या गेल्या.

ज्यांच्या जमिनीत साग, खैर वा सुरू उभा आहे त्यांनी संख्येवर विसंबू नये, असे मी म्हणतो ते यामुळे. वनशास्त्रात रानाचा भरणा मोजताना जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर बुंध्याचा घेर घेतात आणि त्या उंचीवरील सर्व बुंध्यांच्या आडव्या छेदांचे क्षेत्रफळ हेक्टरी किती होते ते काढतात. घेराचा वर्ग करून त्यास 12.57ने भागले की एका झाडाचे क्षेत्रफळ मिळते. 30 सेंटिमीटर घेराच्या 2500 झाडांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 18 चौरस मीटर भरते. 90 सेंटिमीटर घेराची 278 झाडे घेतली तरी तेवढेच. म्हणजे घेर तिप्पट झालेले एक झाड नवांची जागा भरून काढते, आणि बाजारात त्या नवांचे वासे होतात तर त्या एकाच्या फळ्या निघतात. सन 1856मध्ये ब्रह्मदेशातील सागवनांचा कारभार हाती घेतलेल्या डीट्रिच ब्रँडिस यानेही झाडांची गणती घेराच्या वर्गवारीने केली होती. केवळ किती झाडे, या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थास तेव्हाही अपुरे वाटले.

मोजणी घरच्या घरी होते. मध्यभागी खुंटी ठोकून 17.84 मीटर लांबीची दोरी फिरवावी, की एक दशांश हेक्टराचे वर्तुळ होते. त्यातील प्रत्येक झाडाचा घेर वहीत उतरवावा, त्यावरून क्षेत्रफळ काढावे आणि क्षेत्रफळांच्या बेरजेस दहाने गुणावे. उतारावर दोरी जमिनीसरशी न ताणता आडव्या पातळीत धरावी, नाही तर वर्तुळ लहान पडते आणि हिशेब खोटा येतो. एका वर्तुळावर भिस्त न ठेवता ओढ्याकाठी, मध्यावर आणि माथ्यावर निरनिराळी घ्यावीत, कारण आमच्या बाजूची माती हातभर अंतरावर बदलते. फाल्गुन-चैत्रात साग निष्पर्ण असतो आणि पावसाळा सरता सरता पाने खाणारी कीड त्यांची जाळी करून टाकते, म्हणून या दोन्ही वेळी वर पाहून दाटीचा अंदाज बांधणे व्यर्थ. बुंधा मात्र बारमाही सत्य सांगतो. उपग्रहाच्या चित्रांवरून सरकारी नोंदीत 70 टक्क्यांहून अधिक छत्र असलेले वन अतिदाट गणले जाते, पण त्या छत्राखाली वासे आहेत की सोट, हे आकाशातून कळत नाही.

झाडाची उंची त्याच्या व्यासाच्या शंभरपटीहून अधिक झाली, किंवा हिरवा शेंडा एकूण उंचीच्या तृतीयांशाहून कमी उरला, तर विरळणीस उशीर झाला असे समजावे. अशा वेळी घाईने निम्मे रान रिकामे करू नये. रोगट, वाकडी, दुबेळकी झाडे प्रथम काढावीत, उरलेल्यांस दोन-तीन पावसाळे द्यावेत, मग पुन्हा हात घालावा. अति विरळ करणेही अनर्थच: मोकळ्या जागेत घाणेरी माजते, उन्हाळ्यात वणव्यास वाळलेले गवत मिळते आणि साग खालूनच फांद्या फोडून गाठाळतो.

हा सारा उपदेश लाकडासाठी राखलेल्या मालकी रानापुरता. अंगणातल्या सागास हा न्याय लागत नाही, आणि 2003 साली अभयारण्य झालेल्या तुंगारेश्वरच्या सुमारे 85 चौरस किलोमीटरांत तर पोकळ, वठलेल्या खोडांवरही सुतारपक्ष्यांचा हक्क आहे. मालकी सागासही 1964च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि विरळणी असली तरी त्यातून सुटका नाही. अर्जाबरोबर सातबारा हवा, सामायिक खाते असल्यास सर्व हिस्सेदारांची संमती हवी, आणि काढावयाच्या झाडांवर क्रमांक घालून प्रत्येकाचा घेर लिहिलेली यादी जोडलेली बरी; ठेकेदाराशी करारही त्याच यादीवर करावा, आणि यादीबाहेरचे खोड गाडीत चढले तर भरपाई किती, हे त्यातच लिहून घ्यावे.