गुळवेल आणि शरीराचा पहारेकरी

आमच्या रामाकोन्यात कडुनिंबावर चढलेली गुळवेल कोणालाही ओळखता येते. कन्नड भाषक मित्र तिलाच अमृतबळ्ळी म्हणतात. 2020 साली कोरोनाच्या साथीत तिचा काढा घरोघर उकळू लागला. आमच्या घरीही रोज सकाळी पेला हाती येई. "याने प्रतिकारशक्ती वाढते," असे आजी सांगे. ती वाढते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या शरीरातील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर 'टोल-सदृश ग्राही 4' नावाचे प्रथिन असते. त्याला पहारेकरी समजावे. काही जीवाणूंच्या आवरणातील मेदशर्करा त्याला जाऊन भिडली की पेशीच्या आत इशारा पोहोचतो, ठराविक जनुके कार्यरत होतात आणि दाह निर्माण करणारी प्रथिने बाहेर पडतात. या ग्राहीचे कार्य 1998 मध्ये उलगडणारे ब्रूस ब्यूटलर 2011 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीतील 'जी 1-4 ए' या बहुशर्करेचा अभ्यास केला. ती याच ग्राहीला जागे करते, असे त्यांनी 2009 मध्ये दाखविले. म्हणजे जीवाणू नसतानाही पहारेकरी सावध होतो. त्याआधी, 2007 मध्ये, हा पदार्थ अगोदर दिलेले उंदीर जीवाणुविषाच्या घातक धक्क्यातून बचावतात, असेही त्यांना आढळले होते. मात्र उंदराला दिलेला शुद्ध पदार्थ आणि माणसाने घेतलेला काढा एकच नव्हेत.

शिवाय पहारेकरी नेहमीच चोराला धरतो असे नाही; कधी तो घरच्यांवरही लाठी उगारतो. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट तपासणी झालेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची माहिती पुढे आली. त्यांपैकी अनेकांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती.

म्हणून गुळवेलीला अमृतही म्हणू नये आणि विषही. ज्यांना यकृताचा किंवा स्वप्रतिकाराचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊ नये. प्रतिकारशक्तीचे सामर्थ्य नुसते जागे होण्यात नाही. वेळेवर शांत होण्यातही आहे.