लाकूड-वाहतुकीचे रस्ते आणि वन्य प्राण्यांचा निवारा

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे सागवान फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तोडीसाठी कूप आखला, की तेथवर मालमोटार नेण्यास रस्ता काढावा लागे. १९७४ साली तेथे व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्रात आता तोड होत नाही. परंतु लाकूड गेले तरी रस्ता मागे राहतो, आणि त्याचे दुष्परिणाम पुढे अनेक वर्षे चालू राहतात.

डोंगरउतारावरील माती चाकांखाली दबून घट्ट झाली, म्हणजे पावसाचे पाणी तीत मुरत नाही. चाकोऱ्यांचेच ओहळ बनतात व कडेची सैल माती घेऊन नाल्यास मिळतात. मेळघाटात पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पुढे उन्हाळाभर सांबर, गवा, अस्वल यांची भिस्त नाल्यांतील व सिपना, खापरा यांसारख्या नद्यांतील डोहांवर असते. गाळाने उथळ झालेला डोह लवकर आटतो आणि जनावरे पाण्यासाठी गावाकडे वळतात. शेतकरी जनावरास दोष देतो. वरच्या अंगाच्या जुन्या रस्त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

रस्त्याने झाडोऱ्याचे छत्रही दुभंगते. झाडावरून झाडावर उड्या घेणारे शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्यांची जोड तुटली की त्याचे रान तेथेच संपते. मोकळ्या उजेडात टणटणी माजते व चितळांच्या उपयोगी गवत तिच्याखाली मरते. शिवाय रस्त्याने शिकारी, वणवा आणि कुऱ्हाड आत शिरतात. ढोलीचे जुने वृक्ष सरपणासाठी जातात. ११३ वर्षांच्या अंतराने १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला, मेळघाटातही राहणारा रानपिंगळा अशाच ढोलीत अंडी घालतो.

वापरात नसलेल्या रस्त्यावर उपाय अवघड नाही. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक हक्क मिळालेल्या गावी ग्रामसभेने, अन्यत्र वन विभागाच्या संमतीने, हे काम हाती घ्यावे. रस्त्यावर मातीचे तिरके बांध घालावेत. उतार जास्त तेथे ते जवळजवळ असावेत. बांधाने वळविलेले पाणी गवताळ जागी पसरू द्यावे, नाल्यात कदापि सोडू नये. रस्त्याचे तोंड दगड रचून बंद करावे. टणटणी फळे धरण्यापूर्वी मुळासकट उपटावी, कारण तिचे बी पक्षी दूरवर नेतात. बांधांचे काम मेअखेर पुरे करावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणता बांध फुटला ते जाऊन पाहावे.