पापणी खाली पडते? आधी विचारा, कधीपासून?

आरोग्य शिबिरात एक ताई आल्या होत्या. सकाळी डोळे ठीक, पण संध्याकाळी भाकरी थापताना डावी पापणी खाली यायची. घरचे म्हणत, झोप झाली नसेल. शेजारणीने मीठ-मिरची ओवाळून नजर काढली. त्यात वर्ष गेले. आजार मात्र औषधाने आटोक्यात येणारा होता.

वरची पापणी उचलणारा एक लहान स्नायू असतो. त्याला मेंदूकडून नसेमार्फत आज्ञा मिळते. स्नायू सैल झाला, नस दबली किंवा आज्ञा पोहोचली नाही, की पापणी पडते. म्हणून ती कधीपासून आणि कशी पडते, हे आधी पाहा.

हळूहळू पडणारी : वयानुसार स्नायूची पकड ढिली होते. डोळ्याच्या ऑपरेशननंतर किंवा मार लागल्यावरही असे होते. दिसायला अडथळा येत असेल, तर छोटे ऑपरेशन करून पापणी उचलता येते.

संध्याकाळी वाढणारी, विश्रांतीने सुधारणारी : हे ‘मायस्थेनिया’चे लक्षण असू शकते. ताईंना हाच आजार होता. यावर गोळ्या आहेत. मात्र गिळताना ठसका लागला, धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा.

एकाएकी पडलेली : सोबत जोरात डोके दुखणे, एकाचे दोन दिसणे, एका डोळ्याची बाहुली लहान-मोठी होणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच क्षणी 108 ला फोन करा. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा किंवा पक्षाघात असू शकतो. मधुमेहातही नस कमजोर होऊन पापणी पडते. पण कारण कोणते, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मण्यार साप रात्री चावतो. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, दोन्ही पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. पुढे श्वास बंद पडतो. अशा वेळी मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तासही जीवघेणा ठरतो. सरळ सरकारी रुग्णालयात न्या; सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

त्या ताई आता गोळ्या घेतात. संध्याकाळी भाकऱ्या करतात, दोन्ही डोळे उघडे ठेवून. वाया गेलेले ते एक वर्ष तुमच्या घरात कुणाचे जाऊ देऊ नका.