चौकातली दुर्बीण



मराठवाड्यात मिरगाच्या पावसाची वाट सगळेच पाहतात. पण मृग नक्षत्र आकाशात दाखवता येणारे आपल्यात किती आहेत? जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून त्याचे तारे तेव्हा दिसत नाहीत. ते पाहायचे तर जानेवारीच्या रात्री गच्चीवर जावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर परिसरात कित्येक रात्री माणसे घराबाहेर झोपली. तेव्हा भीतीने आपल्याला उघड्या आकाशाखाली आणले. भीती नसताना आपण तिथे एकत्र जमू का?

नांदेडमध्ये गुरुद्वारा, दर्गा, विहार, मंदिर आणि चर्च एकाच शहरात आहेत. बाजारात आपण रोज भेटतो. एकमेकांच्या अंगणात मात्र क्वचित जातो.

सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन नावाचे वेदान्त मठातील एक संन्यासी होते. टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवून ते शेजारच्यांना आकाश दाखवीत. या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ मध्ये त्यांनी काही तरुणांसह फूटपाथवरच दुर्बीण मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची आणि चंद्र दाखवायचा, एवढेच काम. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाशाची ओळख करून देत आली आहे.

हे आपल्या वस्तीतही करता येईल. शहरातील दिव्यांमुळे फिके तारे हरवतात. पण चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी लहान दुर्बिणीतूनही दिसतात. शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडावी. तेव्हा चंद्रावर सावल्या लांब पडतात आणि विवरे ठळक दिसतात. पौर्णिमेला तशी दिसत नाहीत. जागा मात्र चर्चच्या आवारात नको, चौकात असावी. आवारात येताना काहींची पावले अडखळतील.

रांगेत उभे राहिल्यावर प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही असते. आपण रोहिणी म्हणतो त्याच ताऱ्याला अरबांनी अल-दबरान, म्हणजे मागून येणारा, असे नाव दिले. कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. आकाश एकच, पाहणारे अनेक. बाळ येशूचा तारा ओळखणारे मागी लोकही परदेशीच होते.

यात आणखी एक लाभ आहे. ग्रहणात गरोदर स्त्रीला कोंडून, उपाशी ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे, ख्रिस्ती घरांतही. चंद्रग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली. ते साध्या डोळ्यांनी पाहिले तरी अपाय होत नाही. सूर्यग्रहण मात्र योग्य चष्म्याशिवाय कधीही पाहू नये.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास खग्रास चंद्रग्रहणामुळे चंद्र तांबूस दिसेल. वर्षअखेरच्या मिस्सासाठी निघताना त्या रात्री गरोदर सुनेलाही बाहेर बोलवा. शेजाऱ्यांनाही हाक मारा.

विचारासाठी प्रश्न:
१. आपल्या गल्लीतील कोणत्या घराशी आपण अजून बोललेलो नाही?
२. ग्रहणाची कोणती भीती आपण मुलांना शिकवत आहोत?