जुने गडी गेल्यावर

तीस वर्षं मी क्लबातल्या पोरांना क्रिकेट शिकवतोय. दर दोन-तीन वर्षांनी तयार झालेली पोरं शिक्षणाला, नोकरीला बाहेरगावी जातात आणि संघ नव्यानं बांधावा लागतो. 2012 मध्ये द्रविड आणि लक्ष्मण थांबले, 2013 मध्ये वानखेडेवर सचिननं निरोप घेतला. त्यानंतर भारतीय संघ कसा उभा राहिला, ते मी विद्यार्थ्यासारखं पाहिलं. त्यातून शिकलेल्या पाच गोष्टी.

1. वारस आधी तयार करा. 2010 मध्ये बेंगळुरूला द्रविड संघात असतानाच नवख्या पुजाराला त्याच्या तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. त्यानं 72 धावा केल्या. तेव्हापासून थोरला जाण्याआधीच मी त्याच्या जागी धाकट्याला खेळवून बघतो.

2. पहिल्या अपयशावर निकाल देऊ नका. अजिंक्य रहाणे बराच काळ राखीव बसला आणि मार्च 2013 मध्ये दिल्लीतल्या पदार्पणात 7 आणि 1 वर बाद झाला. त्याच डिसेंबरात डर्बनला नाबाद 51 आणि 96, पुढच्या जुलैत लॉर्ड्सवर शतक. मी एका पोराला एका सामन्यावरून बसवलं होतं. तो पुन्हा मैदानावर आला नाही. ते अजून सलतं.

3. गेलेल्याची नक्कल मागू नका. सचिननंतरच्या पहिल्याच कसोटीत, जोहान्सबर्गला, कोहली चौथ्या क्रमांकावर आला. 119 आणि 96. खेळ सगळा त्याचा स्वतःचा.

4. पडझड सोसायची तयारी ठेवा. 2014 मध्ये इंग्लंडमध्ये आपण कसोटी मालिका 3-1 हरलो. कोहलीच्या 10 डावांत 134 धावा. तरी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याच डिसेंबरात ॲडलेडला त्यानं दोन्ही डावांत शतकं ठोकली. ऑस्ट्रेलियात पहिली कसोटी मालिका जिंकायला मात्र 2018-19 उजाडलं. त्या मालिकेत पुजाराच्या 521 धावा होत्या.

5. नव्याच्या जोडीला एक जुना ठेवा. 2025 मध्ये मँचेस्टरला जुना जडेजा आणि तरुण वॉशिंग्टन सुंदर दोघंही नाबाद शतकं करून उभे राहिले आणि हातून जाणारी कसोटी वाचली. समोर मुरलेला गडी असला की पोराचा जीव थाऱ्यावर राहतो.

मे 2025 मध्ये रोहित आणि कोहलीनं कसोटी सोडली. त्यानंतर कर्णधार गिलच्या संघानं इंग्लंडमध्ये मालिकेत 2-2 अशी बरोबरी साधली. पुढे ही पोरं हरतीलही. तेव्हा त्यांना जुन्यांच्या फुटपट्टीनं मोजू नका. चार-पाच वर्षं द्या. आधीच्या पिढीलाही आपण तेवढी दिली होती.