घूर्णवाती वादळाची तीव्रता कशी ठरवितात?

पाऊस पर्जन्यमापकाने मोजतात, हवेचा दाब वायुभारमापकाने. मग घूर्णवाती वादळाचा, म्हणजेच टॉर्नेडोचा, वेग वायुवेगमापकाने का मोजू नये? अडचण अशी की, हे वादळ बहुधा काहीशे मीटर रुंदीच्या पट्ट्यातून जाते आणि पुष्कळदा थोड्याच मिनिटांत विरून जाते. त्याच्या नेमक्या वाटेवर उपकरण असणे हा दुर्मिळ योग होय. आणि असलेच, तर ते मोडून पडण्याचा संभव अधिक. म्हणून शास्त्रज्ञांनी उलट मार्ग धरला. वादळाने मागे ठेवलेल्या विध्वंसावरून वाऱ्याच्या वेगाचे अनुमान करावयाचे, असा तो मार्ग होय.

या पद्धतीचा पाया शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता (१९२०–१९९८) यांनी १९७१ साली घातला. त्यांच्या श्रेणीत एक उणीव होती. पक्के घर व कच्चे घर यांतील भेद तीत पुरेसा स्पष्ट नव्हता. ही उणीव दूर करून तयार केलेली सुधारित फुजिता श्रेणी अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून वापरात आहे. तीत शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या आहेत. शून्य पायरीचा वारा ताशी १०५ ते १३७ किलोमीटर वेगाचा, तर पाचव्या पायरीचा ताशी ३२२ किलोमीटरांहून अधिक वेगाचा समजतात. हा वेग तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचा असतो.

तपासणीसाठी घरे, शाळा, विजेचे खांब, झाडे इत्यादी २८ प्रकारच्या वस्तू ठरविलेल्या आहेत व प्रत्येकीच्या हानीच्या पायऱ्या लावल्या आहेत. उदाहरणार्थ, राहत्या घराच्या छपराचा मोठा भाग उडाला, पण बहुतेक भिंती उभ्या राहिल्या, तर वेग ताशी सुमारे १९६ किलोमीटर धरतात. मात्र बांधकाम कच्चे असल्यास हीच हानी १६७ किलोमीटरांच्या वाऱ्यानेही होते, आणि फार पक्के असल्यास २२९ किलोमीटरांचा वारा लागतो. यासाठी भिंती पायाला बोल्टांनी जखडल्या होत्या की नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, हे तपासनीस जोत्यावर वाकून पाहतात. पडझडीची दिशाही बोलकी असते. झाडे एका मध्यबिंदूपासून चहूकडे बाहेर पडलेली असतील, तर तो ढगातून खाली आदळलेला झोत असतो; ती वाटेच्या मध्याकडे वळून पडली असतील, तर घूर्णवाती वादळाचा संशय बळावतो.

परंतु जेथे मोडण्यासारखे काही नाही, तेथे काय? ३१ मे २०१३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाजवळ सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीचे वादळ बव्हंशी मोकळ्या रानातून गेले. फिरत्या डॉप्लर रडारने त्यात ताशी ४७५ किलोमीटरांहून अधिक वेग नोंदविला. त्याचा माग घेणारे तीन अनुभवी संशोधक त्यात मृत्युमुखी पडले. तरीही हानीच्या पुराव्यावरून त्याला तिसरीच पायरी मिळाली. श्रेणी हानीची असते, वाऱ्याची नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

मग रडारवरच का विसंबू नये? पावसाचे थेंब व उडता कचरा यांवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता, वारा रडारकडे येतो की दूर जातो, यानुसार बदलते. येणारा व जाणारा वारा शेजारी-शेजारी दिसला, की ढगात भोवरा असल्याचे कळते व इशारा देता येतो. परंतु पृथ्वीच्या वक्रतेमुळे व शलाकेच्या तिरकसपणामुळे १०० किलोमीटरांवर स्थिर रडारची शलाका जमिनीपासून एक किलोमीटरहून अधिक उंच असते. घरांच्या उंचीवरचा वारा तिला दिसत नाही.

भारतीय उपखंडात हा प्रश्न अधिक बिकट आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर–साटुरिया भागात अशाच वादळाने सुमारे १,३०० माणसे दगावली. बांबूचे व पत्र्याचे घर मध्यम वाऱ्यानेही भुईसपाट होते. त्यापुढचा वारा किती होता, हे ते सांगू शकत नाही. कॅनडाने २०१३ साली व जपानने २०१६ साली आपापल्या बांधकामांना अनुरूप श्रेणी स्वीकारल्या. आपल्याकडेही कुडाची भिंत, पत्र्याचे छप्पर व नारळीचे झाड कोणत्या वेगाला हार खातात, हे मोजून ठरविणे अगत्याचे आहे. कोणता सांधा प्रथम निखळला, हे ज्याला कळले, त्यालाच पुढचे घर अधिक भक्कम बांधता येईल.