जर्सीवरचं नाव बदललं, मग संघ तोच कसा?

प्रश्न : माझी पुतणी टीव्हीवर महिलांच्या सायकल शर्यती बघते. सायकलपटू मारियान फॉसच्या जुन्या संघाचं नाव आठ-दहा वेळा बदललं, तरी संघ तोच, असं ती सांगते. मुंबई इंडियन्स तर कायम मुंबई इंडियन्सच असते. मग अशा संघाचा इतिहास मोजायचा कसा? शिवाय शर्यत एकटीनंच जिंकायची, तर संघ लागतो कशाला? आपल्याकडे असा संघ आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुतणीचं म्हणणं बरोबर आहे. गोंधळ होतो तो आपण क्रिकेटचा हिशेब सायकलला लावतो म्हणून.

क्रिकेटला मैदान असतं, दारावर तिकीट असतं. रस्त्यावरच्या शर्यतीला दारच नसतं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघायला कुणी तिकीट काढतं का? रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि बघायचं. सायकल शर्यतही तशीच. प्रक्षेपणाचा पैसा मुख्यतः आयोजकांकडे जातो. मग संघाचा खर्च चालतो प्रायोजकावर, आणि त्याच्या बदल्यात प्रायोजकाला मिळतं संघाचं नाव. करार संपला की नाव गेलं. संघ चालवणारी मंडळी, परवाना, मेकॅनिक आणि पुढच्या वर्षाचे करार असलेल्या खेळाडू मात्र राहतात. इतिहास मोजायचा तो या धाग्यावरून.

फॉसचा संघ नेदरलँड्सचा. 2010 मध्ये त्याचं नाव होतं नेदरलंड ब्लूट. 2012 मध्ये राबोबँक प्रायोजक म्हणून आली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये फॉसनं रस्त्यावरच्या शर्यतीचं सुवर्णपदक जिंकलं. ऑक्टोबरात उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांमुळे बँकेनं पुरुषांच्या संघावरून नाव काढून घेतलं, पण महिलांच्या संघाला ती 2016 अखेरपर्यंत पैसा देत राहिली. ही चार वर्षं मला या संघाच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वाटतात. 2014 मध्ये फॉस, आना व्हान डेर ब्रेखन आणि पॉलिन फेराँ-प्रेव्हो एकाच जर्सीत होत्या. फेराँ-प्रेव्हो त्याच वर्षी जगज्जेती झाली, व्हान डेर ब्रेखननं 2016 मध्ये रिओत सुवर्ण मिळवलं.

बँक गेल्यावर नावांची रांग लागली. 2017 मध्ये डब्ल्यूएम थ्री, 2018 मध्ये वाउडील्स, 2019 मध्ये सीसीसी-लिव्ह. सीसीसी ही पोलंडची पादत्राणांची कंपनी, ती 2020 नंतर बाहेर पडली. लिव्ह हा जायंट कंपनीचा महिलांसाठीचा सायकल ब्रँड. त्यानं 2021 पासून नाव पुढे चालवलं आणि 2024 मध्ये हा संघ ऑस्ट्रेलियाच्या जेको संघात मिसळला. फॉस तोवर युम्बो-व्हिस्मा संघात गेली होती. गंमत अशी, की तो राबोबँकेच्या जुन्या पुरुष संघाचाच वारस. म्हणजे ती घर बदलून पुन्हा जुन्याच वाड्याच्या दुसऱ्या दारानं आत आली.

आता संघ कशाला, ते. आषाढात पश्चिमेचा वारा तोंडावर घेत मोहोळकडे सायकल मारून बघा. मग कुणाच्या तरी मागे, चाकाला चाक लागेल इतक्या जवळून चालवा. तेवढ्याच वेगाला लागणारी बरीच ताकद वाचते, कधी चौथा हिस्सा तर कधी तिसरा. म्हणून संघातल्या पाच-सहा जणी आळीपाळीनं वारा खातात आणि मुख्य खेळाडूला मागे ताजी ठेवतात. त्यातलीच एक मधूनच वेग कमी करून संघाच्या गाडीपाशी येते, पाण्याच्या बाटल्या जर्सीत पाठीवर, मानेपाशी कोंबते आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा घोळका गाठते. निकालात तिचं नाव कुठेतरी पन्नासावं असतं. तिच्याशिवाय पहिलीचं नाव पहिलं येत नाही.

2024 च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये हे उलट्या बाजूनं दिसलं. आघाडीची पिवळी जर्सी घातलेली डेमी वोलरिंग पाचव्या टप्प्यात पडली. तिच्याच संघाची खेळाडू पुढे तो टप्पा जिंकली, आणि वोलरिंगला मागून पुरेशा मदतीविना पाठलाग करावा लागला. शेवटी आल्प द्युएझच्या घाटात टप्पा तिनं जिंकला, पण टूर कासिया नियेवियादोमानं नेली. फरक चार सेकंदांचा.

'व्यावसायिक' या शब्दाबद्दलही एक गैरसमज काढू. या खेळाडूंना पूर्वीपासून भरपूर पैसे मिळत, असं मुळीच नाही. वरच्या श्रेणीच्या महिला संघांना किमान पगाराचं बंधन आलं ते 2020 मध्ये, वर्षाला 15,000 युरो. 2023 मध्ये ते 32,102 युरो झालं, त्या वेळच्या दरानं आपले साधारण 28 लाख रुपये. त्याआधी अनेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून शर्यतीत उतरत. बाटल्या वाहणाऱ्या त्या पन्नासाव्या खेळाडूला पोटापुरता पगार मिळावा, यासाठी 2020 उजाडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

राहिला आपला प्रश्न. वरच्या श्रेणीत भारतातला एकही महिला संघ नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये 159 दिवसांत सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण ती एकटीची मोहीम, संघाची शर्यत नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली. म्हणजे चालवणाऱ्या मुली आहेत. नाही तो वर्षभर पगार देणारा प्रायोजक, मेकॅनिक असलेली मागची गाडी आणि महिलांसाठी दर महिन्याला होणाऱ्या शर्यती. पुण्यात 2026 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, ती पुरुषांची होती. पुतणीला सायकल चालवायची असेल, तर पहाटे मोहोळ रस्त्याला एकटीला पाठवू नका. आणखी तीन-चार जणी जमवा आणि आळीपाळीनं पुढे राहायला शिकवा.